रोल भरताना जोर लावू नका

महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या फिल्म कॅमेऱ्यांवर आलेला लेख वाचला. छायाचित्रं देखणी होती, भाषाही ओघवती. माझं आयुष्य कॅमेरे दुरुस्त करण्यात गेलं, त्यामुळे असं काही छापून आलं की मी चष्मा पुसून वाचायला बसतो. पण ज्या भागासाठी पान कापून ठेवावं, तो म्हणजे रेंजफाइंडर कॅमेऱ्यात (लेन्सहून वेगळ्या खिडकीतून बघून फोकस करायच्या कॅमेऱ्यात) रोल भरणं आणि तो चालवणं, लेखकाने दोन-तीन वाक्यांत उरकला आहे. त्यातही फिल्म पुढे सरकवणारी लिव्हर अडली तर थोडा जोर द्यावा असा सल्ला आहे. हे पत्र त्या सल्ल्यासाठी. कृपा करून कुणीही जोर देऊ नये, आणि जमलं तर आपण तशी दुरुस्ती छापावी. माझ्या टेबलावर आलेल्या जुन्या रेंजफाइंडरांपैकी कितीतरी मुळात बिघडलेले नव्हतेच. कपाटातून काढल्यावर पहिल्या तासाभरात कुणीतरी जोर लावून त्यांना बिघडवलं होतं.

लेखात संथपणा, एकाग्रता, क्षण जगणं वगैरे बरंच आहे. असेलही. मला त्यावर बोलायचा अधिकार नाही. पण नवशिक्याचा पहिला रोल कोरा निघतो तेव्हा त्याचं कारण एकाग्रतेचा अभाव नसतं. बहुतेक वेळा फिल्म स्पूलवर, म्हणजे ती गुंडाळून घेणाऱ्या रिळावर, चढलेलीच नसते, किंवा लेन्सवर झाकण तसंच राहिलेलं असतं.

रेंजफाइंडरची गंमत आणि गोची एकाच गोष्टीत आहे. तुम्ही बघता एका खिडकीतून आणि फिल्म बघते लेन्समधून. एसएलआरमध्ये आरसा असतो, त्यामुळे लेन्ससमोर जे आहे तेच डोळ्याला दिसतं. झाकण राहिलं तर समोर काळोख. रेंजफाइंडरमध्ये झाकण लावलेलं असतानाही समोरचं सगळं लख्ख दिसतं. लेन्ससमोर बोट आलं, फिल्म सरकत नाही, फोकस जवळचा राहिला, यातलं काहीही खिडकीत उमटत नाही. म्हणून हा कॅमेरा शिकायचा तो बोटांनी आणि कानांनी. लेखात नेमकं हेच नाही.

आधी थोडं यंत्राबद्दल. समोरून पाहिलंत तर एक मोठी खिडकी आणि तिच्यापासून थोड्या अंतरावर एक छोटी खिडकी दिसेल. छोट्या खिडकीतून आलेलं चित्र आतल्या आरशाने किंवा प्रिझमने वळवून मोठ्या खिडकीतल्या चित्रावर मधोमध टाकलेलं असतं. तोच तो मधला फिकट पिवळसर चौकोन किंवा ठिपका. बहुतेक कॅमेऱ्यांत लेन्स फिरवली की तिची मागची कडा कॅमेऱ्यातला एक दांडा ढकलते, दांडा आरशाला किंचित वळवतो, आणि चौकोनातलं चित्र आडवं सरकतं. दोन चित्रं एकमेकांवर बसली की त्या वस्तूवर फोकस झाला. दोन खिडक्यांमधलं अंतर जितकं जास्त, तितका अंदाज बारीक. जुन्या जर्मन कॉन्टॅक्समध्ये आणि त्यावरून बनलेल्या सोव्हिएत कीव्हमध्ये हे अंतर सुमारे ९० मिलिमीटर आहे, लायका एम३ मध्ये ६८-६९. खिशात मावणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यांत ते बरंच कमी असतं, पण त्यांची लेन्सही ४० मिलिमीटरच्या आसपासची असते, त्यामुळे निभावून जातं.

जर्मनीतल्या लायत्झ कंपनीच्या ऑस्कर बार्नाकने घडवलेला पहिला लायका १९२५ मध्ये बाजारात आला तेव्हा त्यात हा रेंजफाइंडर नव्हता. अंतर अंदाजाने लावायचं, नाहीतर वर एक वेगळं यंत्र बसवून मोजायचं आणि तो आकडा लेन्सवर फिरवायचा. लेन्सशी जोडलेला रेंजफाइंडर लायका दोनमध्ये आणि कॉन्टॅक्समध्ये आला तो १९३२ साली. पुढेही कित्येक वर्षं लायकात फोकसची खिडकी वेगळी आणि चौकट बघायची वेगळी होती. १९५४ च्या एम३ मध्ये दोन्ही एकत्र झाल्या. हा इतिहास सांगायचं कारण एवढंच की तुमच्या हातातला कॅमेरा यातल्या कुठल्या पिढीचा आहे ते आधी ओळखावं. दोन खिडक्यांचा कॅमेरा घेऊन एकीतच फोकस आणि चौकट दोन्ही शोधत बसणारे मी पाहिले आहेत.

घराघरांतून निघतात ते कॅमेरे बहुधा लायका नसतातच. एक जात जपानी, लेन्स न निघणाऱ्या कॅमेऱ्यांची: कॅनोनेट, याशिका इलेक्ट्रो ३५, मिनोल्टा हाय-मॅटिक. दुसरी सोव्हिएत: फेड, झोर्की, कीव्ह. या दोन जातींना एकाच पद्धतीने हाताळता येत नाही, आणि लेखात सगळे एकाच ओळीत बसवले आहेत.

रोल विकत आणण्याआधी कॅमेरा रिकामा चालवून बघा. मागचं झाकण उघडा. झाकणाच्या खाचेत काळा फोम असतो. तो बोटाला चिकट डांबरासारखा लागला तर प्रकाश आत शिरणार हे नक्की; तो बदलणं सोपं आहे, पण त्याचे कण शटरवर पडू देऊ नका. मग शटरचा वेग 'बी'वर ठेवून (म्हणजे बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं राहतं) बटण दाबून धरा आणि मागून लेन्समधून उजेडाकडे पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. नंतर एक सेकंदाचा वेग लावून ऐका. यंत्र नीट असेल तर एकसारखी कुरकुर होऊन शटर मिटतं. मधेच घुटमळलं, थांबलं, दोन-तीन सेकंद लागले, तर आतलं वंगण सुकलं आहे. त्यात बाहेरून तेलाचा थेंब सोडू नका. तो थेंब शटरच्या पात्यांवर जाऊन बसतो आणि जे काम साध्या सफाईत झालं असतं त्यासाठी सगळं खोलावं लागतं. सेल्फ-टायमरचा दांडा असेल तर त्याला हातच लावू नका. जुन्या कॅमेऱ्यात तो एकदा ओढला आणि अर्ध्यावर अडकला की शटरही त्याच्याबरोबर अडकतं.

कापडी पडद्याच्या शटरला आणखी एक परीक्षा लागते. लेन्स निघत असेल तर काढा, झाकण उघडं ठेवून कॅमेरा दिव्यासमोर धरा आणि अंधाऱ्या बाजूने पडद्याकडे पाहा. टाचणीएवढा उजेडाचा ठिपका दिसला तर प्रत्येक फोटोवर तो येणार. पडद्यांना ही भोकं बहुधा उन्हाने पडतात. लहानपणी भिंगाने कागद जाळला असेल, तेच इथे होतं. आरसा नसल्यामुळे लेन्स आणि पडदा यांच्यामध्ये काहीच नाही. कॅमेरा टेबलावर सूर्याकडे तोंड करून पडला आणि लेन्स पूर्ण उघडी, अनंतावर (सर्वांत दूरच्या अंतरावर) लावलेली असली, की पडद्यावर छोटा सूर्य उमटतो. म्हणून झाकण हवं. आणि झाकणामुळेच कोरे फोटो येतात. यावर माझा तोडगा असा: कॅमेरा बॅगेत असताना झाकण, गळ्यात आला की झाकण खिशात, लेन्सचं छिद्र १६ वर (आकडा मोठा तितकं छिद्र लहान) आणि लेन्स अंगाकडे किंवा जमिनीकडे. लेन्सवर साधा पारदर्शक फिल्टर लावला की ऊन अडतं असा समज आहे. ते अडत नाही.

आता रोल. पहिला रोल फोटो काढायला नाही, वाया घालवायला आणायचा. मुदत संपलेला असला तरी चालेल. तो दिवसाउजेडी, टेबलावर, झाकण उघडं ठेवून भरायचा, काढायचा, पुन्हा भरायचा. डोळे मिटून भरता येईपर्यंत हे चालू ठेवावं. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाकडून मी हेच करून घेतो. सुरुवातीला त्यांना कंटाळा येतो, पण पुढे रस्त्यात उभं राहून रोल बदलायची वेळ आली की मग कुणी कुरकुरत नाही.

मागचं झाकण उघडणाऱ्या कॅमेऱ्यात डावीकडचा रिवाइंड नॉब (फिल्म परत डबीत गुंडाळायची मूठ) वर ओढायचा, डबीची बाहेर आलेली दांडी खाली ठेवून ती जागेवर बसवायची आणि नॉब खाली सोडायचा. नॉब पूर्ण खाली गेला नाही तर किंचित फिरवा. नॉबचा आतला काटा डबीच्या वरच्या टोकात बसला की तो आपोआप उतरतो. मग फिल्मचं टोक ओढून उजवीकडच्या स्पूलच्या खाचेत घालायचं. इथे नवशिके टोक इतकं आत खुपसतात की ते दुसऱ्या बाजूने बाहेर येतं, झाकणाला घासतं आणि पुढे चुरगळून अडकतं. थोडंच घाला. लिव्हर हळू ओढा आणि बघा: दातेरी चाकाचे दाते फिल्मच्या भोकांत बसले का? फक्त खालच्या बाजूने नाही, वरच्याही. एका बाजूने बसलेली फिल्म तिरकी जाते आणि दोन-चार फोटोंनंतर भोकं फाटतात. स्पूलवर एक पूर्ण वेढा बसल्याशिवाय झाकण लावू नका. एखादा फोटो वाया जातो म्हणून हळहळणाऱ्यांचा अख्खा रोल वाया जातो.

झाकण लावल्यावरची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि लेखात ती नाहीच. रिवाइंडची मूठ बाणाच्या दिशेने अगदी हलक्या हाताने फिरवा. डबीतली सैल फिल्म गुंडाळली जाते आणि मूठ थांबते. थांबली की सोडा. आता लिव्हर ओढा आणि नजर त्याच मुठीवर ठेवा. ती बाणाच्या उलट दिशेने फिरली पाहिजे. फिरली म्हणजे फिल्म डबीतून निघून स्पूलवर जाते आहे. फिरली नाही, तर फिल्म सुटली आहे. वरचा आकडा कितीही पुढे गेला तरी त्यावर विश्वास ठेवू नका. आकडा लिव्हरचे झटके मोजतो, फिल्म नाही. प्रत्येक फोटोनंतर त्या मुठीकडे एक नजर टाकायची सवय लावून घ्या.

कॅनोनेटच्या नावात 'क्यूएल' असेल तर तुमचं नशीब चांगलं. त्यात आत एक जास्तीचं छोटं झाकण आहे; फिल्म लाल खुणेपर्यंत पसरायची, झाकण लावायचं, लिव्हर ओढायची. टोक खाचेत घालायची कटकट नाही. तरी मूठ फिरते का ते बघाच.

खालून रोल भरायच्या कॅमेऱ्यांची, म्हणजे जुन्या स्क्रूवाल्या लायकांची आणि त्यांच्यावरून बनलेल्या सुरुवातीच्या फेड-झोर्कींची, तऱ्हा वेगळी. त्यांना मागचं झाकण नसतंच. तळाची पट्टी काढायची, स्पूल बाहेर ओढायचा, फिल्मचं टोक त्याच्या पट्टीखाली सरकवायचं, आणि डबी व स्पूल दोन्ही एकदम वरून आत सोडायचे. हल्लीच्या रोलचं निमुळतं टोक या कॅमेऱ्यांना तोकडं पडतं. ते कात्रीने वाढवून सुमारे दहा सेंटीमीटर करावं लागतं, एका बाजूची भोकं शाबूत ठेवून. जिथे कापलेली कड पूर्ण रुंदीला मिळते तिथे हलका बाक द्या आणि काप भोकातून जाऊ देऊ नका. अर्ध्या भोकाला जो टोकदार कोपरा राहतो तोच पुढे अडकतो. टोक न कापता फिल्म तशीच ढकलली तर रुंद फिल्म शटरच्या चौकटीच्या कडेवर चढते, फाटते आणि तिचे कपटे शटरमध्ये शिरतात. असे कपटे चिमट्याने काढण्यात माझी कितीतरी दुपार गेली आहे. त्या प्रत्येक कॅमेऱ्याच्या मालकाने लिव्हर किंवा नॉब अडल्यावर "थोडा जोर" दिलेला असायचा.

१९५५ च्या फेड-२ मध्ये आणि नंतरच्या झोर्की-४ मध्ये तळ आणि पाठ एकत्र निघते. तळाच्या दोन्ही चाव्या फिरवायच्या आणि झाकण खाली ओढायचं. हे सोयीचं आहे, पण या कॅमेऱ्यांत आणि कीव्हमध्ये स्पूल सुटा असतो. झाकण काढून कॅमेरा तिरपा केला की तो टुणकन खाली पडतो, सोफ्याखाली जातो, आणि पुढे वर्षभर कॅमेरा निकामी. टेबलावर एखादं फडकं अंथरून मगच उघडा.

सोव्हिएत कॅमेऱ्यांचा एक नियम भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. आधी चावी द्यायची, म्हणजे शटर चढवायचं, आणि मग वेग बदलायचा. शटर चढवलेलं नसताना झोर्की-४ ची वेगाची चकती फिरवली तर आतले भाग आपापल्या जागेवर नसतात आणि चकती भलत्या जागी जाऊन बसते. नेमकी तेव्हाच ती जरा घट्ट लागते, आणि माणूस ती घट्ट चकती जोराने फिरवतो. जुन्या लायकातही वेगाची चकती शटर चढवल्यावरच खरा आकडा दाखवते. शिवाय फोटो काढताना ती स्वतः फिरते, तेव्हा तिच्यावर बोट टेकलेलं असलं तर वेग बदलतो.

जपानी कॅमेऱ्यांत यातलं काही नाही, पण त्यांचं दुखणं बॅटरीचं. त्या काळच्या पाऱ्याच्या बॅटऱ्या १.३५ व्होल्टच्या होत्या आणि शेवटपर्यंत तेवढाच दाब देत. आता त्या मिळत नाहीत. त्याच आकाराची १.५ व्होल्टची बॅटरी घातली की पुष्कळ कॅमेऱ्यांचं उजेड मोजायचं मीटर चुकीचा आकडा दाखवतं. कॅनोनेट क्यूएल१७ जी-थ्री मध्ये मीटर बंद असलं तरी छिद्र आणि वेग हाताने लावून फोटो निघतात. याशिका इलेक्ट्रोचं तसं नाही. बॅटरी नसेल तर तो एकाच वेगाने, १/५०० सेकंदाने, शटर उडवतो. तेव्हा तुमचा इलेक्ट्रो सावलीत काळे फोटो देत असेल तर लेन्सला दोष देण्याआधी बॅटरीची जागा बघा. तिथे बहुधा हिरवा गंज जमलेला असतो. या स्वयंचलित कॅमेऱ्यांना हसण्याचंही कारण नाही. अमेरिकन अंतराळवीर जॉन ग्लेन फेब्रुवारी १९६२ मध्ये पृथ्वीभोवती फिरला तेव्हा त्याने नेलेला अ‍ॅन्स्को ऑटोसेट हा मुळात मिनोल्टाचा हाय-मॅटिकच होता, नाव तेवढं दुसरं.

मीटर बंद असेल तर उन्हात छिद्र १६ आणि वेग फिल्मच्या डबीवरच्या आयएसओ आकड्याएवढा: १०० ची फिल्म असेल तर १/१०० किंवा १/१२५, ४०० ची असेल तर १/५००. ढगाळ असेल तर छिद्र ८, मोकळ्या सावलीत ५.६ किंवा ४. निगेटिव्ह फिल्मला थोडा जास्त उजेड चालतो, कमी चालत नाही. शंका असली तर छिद्र एक घर जास्त उघडा. मोबाइलवरचं मीटर वापरायला माझी हरकत नाही, पण प्रत्येक फोटोला ते काढत बसलात तर समोरचा माणूस निघून जाईल.

फोकस करताना सरळ उभी रेघ शोधा: दाराची कड, शर्टाची पट्टी, नाकाची बाजू. चौकोनातलं चित्र आडवं सरकतं, त्यामुळे आडवी रेघ कितीही हलवली तरी स्वतःवरच पडते आणि काही कळत नाही. आडवीच रेघ असेल तर कॅमेरा उभा धरा. डोळा खिडकीच्या बरोबर मध्ये हवा, नाहीतर चौकोन फिका होतो. खिडकीचे गज, जाळी, कुंपण यांच्यापासून सावध राहा. सगळे गज एकसारखे असल्याने तिसऱ्या गजाचं चित्र चौथ्यावर जाऊन अगदी चपखल बसतं आणि फोकस झाल्यासारखा वाटतो. अशा वेळी गजाशेजारची एखादी वेगळी वस्तू धरावी. कीव्ह असेल तर उजव्या हाताची मधली बोटं जिथे साहजिक टेकतात तिथेच छोटी खिडकी आहे. चौकोन अचानक नाहीसा झाला तर यंत्र बिघडलेलं नाही, बोट आडवं आलं आहे.

रेंजफाइंडर खरा बोलतो की खोटा, हे रात्री चंद्राकडे बघून तपासता येतं. लेन्स अनंतावर ठेवा, चंद्र एकच दिसला पाहिजे. शेजारी शेजारी दोन दिसले तर आडवं समायोजन सुटलं आहे, वर-खाली दिसले तर उभं. उभ्या चुकीने फोटो बिघडत नाही, फक्त बघायला त्रास होतो. आडव्याने प्रत्येक फोटो धूसर येईल. जवळचंही बघा. एक मीटरवर टेपने मोजून एखादं पुस्तक उभं ठेवा. मोजायचं ते लेन्सच्या टोकापासून नाही, फिल्म जिथे असते तिथून, म्हणजे कॅमेऱ्याच्या पाठीपासून.

रस्त्यावर तर मी चौकोनाकडे बघतच नाही. ३५ मिलिमीटरची लेन्स, छिद्र ८, अंतर पाच मीटर असं लावलं की अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं कामापुरतं स्पष्ट येतं. ५० च्या लेन्सला छिद्र ८ आणि तीन मीटर लावलं तर सव्वादोन-अडीच मीटरपासून चार मीटरपर्यंत. लेन्सवरच्या दुहेरी आकड्यांची पट्टी त्यासाठीच असते. लेखकाने तिला नक्षी समजून सोडून दिलं असावं.

जवळच्या फोटोत डोकं कापलं जातं अशी तक्रार नेहमीची. खिडकी लेन्सच्या वर आणि बाजूला असल्याने दोघींना दिसणारं चित्र जवळच्या अंतरावर जुळत नाही. काही कॅमेऱ्यांत चौकट फोकसबरोबर सरकते, काहींत आत छोट्या खुणा असतात. त्या पाळा आणि वर जरा जागा सोडा. सत्तर सेंटीमीटर ते एक मीटर याच्या अलीकडे हे कॅमेरे फोकसच करत नाहीत, त्यामुळे ताटातल्या पदार्थांचे फोटो काढायचे असतील तर मोबाइल बरा.

रोल संपला की लिव्हर अडते. ही अडणारी लिव्हर बिघाडाची नाही, फिल्म संपल्याची असते, आणि इथेच "थोडा जोर" सर्वांत घातक. फिल्मचं दुसरं टोक डबीच्या स्पूलला चिकटवलेलं असतं. ओढलं तर भोकं फाटतात किंवा फिल्म डबीतून सुटून येते. मग ती परत आत नेता येत नाही आणि कॅमेरा अंधारातच उघडावा लागतो. ३६ चा आकडा आला आणि लिव्हर जड लागली, की थांबा. तळाचं छोटं बटण दाबा. काही कॅमेऱ्यांत 'आर' लिहिलेली कळ फिरवायची असते, काहींत शटरच्या बटणाभोवतीची कडी. मग मूठ बाणाच्या दिशेने, एका लयीत फिरवत राहा. शेवटी हाताला थोडी ओढ लागते आणि एकदम सुटते. ती सुटल्यानंतरच झाकण उघडा. शंका असेल तर आणखी चार वेढे द्या, त्याने नुकसान काही नाही.

कॅमेरा वापरत नसाल तेव्हा तो चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि लेन्समध्ये बुरशी वाढते. उघड्या, कोरड्या जागी ठेवा, शटर सोडलेलं असू द्या, आणि अधूनमधून सगळे वेग एकदा चालवा. बुरशी दिसली तर घरी लेन्स खोलायचा विचार सोडा. बारीक स्क्रूचं डोकं एकदा गोल झालं की मलाही तासभर लागतो.

आपला,
एक निवृत्त कॅमेरा कारागीर

ता.क. घरात जुना कॅमेरा सापडला तर तो लगेच उघडू नका, हे वर सांगायचं राहिलं. आधी रिवाइंडची मूठ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवा. मोकळी फिरली तर बहुधा आत काही नाही. ओढ लागली तर आत रोल आहे. तळाचं बटण दाबून तो पूर्ण गुंडाळा, मगच झाकण उघडा, आणि धुणाऱ्याला रोल किती जुना आहे ते सांगा. कृष्णधवल असेल तर इतक्या वर्षांनीही चित्र निघण्याची बरी शक्यता असते, रंगीत असेल तर रंग बरेच उडालेले असतात. डबीवर कोडाक्रोम (कोडॅकची जुनी रंगीत स्लाइड फिल्म) लिहिलेलं असेल तर त्याचं रंगीत धुणं २०१० च्या अखेरीस बंद झालं. तो आता फार तर कृष्णधवल म्हणून धुता येतो.